पाहुण्याची जीभ

परदेशवारी करून आलेल्यांच्या गप्पांत दोन तक्रारी हमखास ऐकू येतात: विमानात बसून अंग आंबलं आणि तिकडचं जेवण बेचव. दोन्ही वेगवेगळ्या वाटल्या, तरी पहिली बऱ्याचदा दुसरीला कारण असते. विमान पस्तीस हजार फुटांवर उडत असताना आतला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावा तेवढा ठेवतात. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर, म्हणजे जेमतेम ५,४०० फूट. महाराष्ट्रात कुठेच न मिळणाऱ्या उंचीवर बसून आपण ताट पुढ्यात घेतो. त्यातच हवा अतिशय कोरडी असते. नाक सुकतं, वास कळेनासा होतो आणि वासाशिवाय चव अर्धीमुर्धीच उरते. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या चाचण्यांत अशा वातावरणात खारटपणा २० ते ३० टक्के आणि गोडवा १५ ते २० टक्के कमी जाणवल्याचं आढळलं. इंजिनाच्या घरघरीनेही गोडवा दबतो, हे कॉर्नेल विद्यापीठाच्या २०१५च्या अभ्यासात दिसलं. उतरल्यावर नाक सुधारतं, पण शरीराचं घड्याळ दिवसाला तासाभरानेच सरकतं. न्यूयॉर्कला पोहोचलेल्या मुंबईकराचं पोट मध्यरात्रीच जेवायला बसलेलं असतं.

यावर कुणी म्हणेल, माणूस पंधरा दिवस राहतो, तोवर जीभ ताळ्यावर येतेच की! येते, पण ती खाते काय? मराठी पर्यटन कंपन्या परदेशातही वरणभात देतात, काही तर स्वयंपाकीच बरोबर नेतात. मग जी मतं मांडली जातात, ती हॉटेलातल्या नाश्त्याविषयी असतात, त्या देशाच्या चुलीविषयी नव्हे. दुसरा आक्षेप असा की आवडनिवड खासगी बाब आहे, तिचा एवढा काथ्याकूट कशाला? कारण पाहुण्याचा शेरा हळूहळू यजमानाची ओळख होऊन बसतो.

जव्हार-मोखाड्याला हा अनुभव चांगलाच आहे. १९९२ साली वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंमुळे हा भाग देशभर माहीत झाला. कुपोषण खरं होतं आणि आजही तो प्रश्न संपलेला नाही. पण ताटात अन्न पुरेसं नसणं म्हणजे ताटातलं अन्न हिणकस असणं नव्हे. नाचणीत १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. हे धान्य पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातून हजारो वर्षांपूर्वी इथे आलं आणि इथल्या उतारांवर रुजलं. पहिल्या पावसात उगवणारी शेवळं घशाला खाजतात, म्हणून ती काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवतात. कडूकंद उकडून, पाण्यात ठेवून त्याचा कडवटपणा घालवावा लागतो. विषारी वा खाजरं झाड खाण्याजोगं करण्याचं हे ज्ञान म्हणजे पाककलाच. वाडा-विक्रमगडमार्गे घाट चढून आलेला, दाभोसा धबधबा पाहून संध्याकाळी परतणारा पाहुणा मात्र नाचणीच्या भाकरीचा एक तुकडा मोडतो आणि ‘जाडंभरडं’ म्हणून मोकळा होतो. त्याची अडचण उंचीची नसते, सवयीची असते. निकाल मात्र तितकाच घाईचा.

म्हणून प्रवासानंतरची मतं सांगू नयेत, असं नाही. ती सांगताना आपण काय खाल्लं, कुणाच्या हातचं, प्रवासाच्या कितव्या दिवशी, एवढं जोडलं तरी ऐकणाऱ्याला त्या मताचं मोल ठरवता येतं. नाहीतर कळते ती फक्त प्रवाशाची दमणूक.