जनुकीय बदलांचे नामकरण : अहवाल वाचताना घ्यावयाची दक्षता



एकाच गुडूचीस अमृता, छिन्नरुहा अशी अनेक नावे आहेत. उलट शंखपुष्पी या एकाच नावाने भिन्न वनस्पती बाजारात येतात, हे आपण व औषधी विक्रेते जाणतो. डी.एन.ए. तपासणीच्या अहवालांतही असाच नामसंभ्रम उद्भवतो. विदर्भ व नंदुरबार या भागांत आढळणाऱ्या सिकलसेल व्याधीच्या आधारे तो समजून घेऊ.

या व्याधीत हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते, हे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५७ साली दाखवून दिले. तयार प्रथिनात हे स्थान सहावे असल्याने ‘ग्लू६व्हॅल’ हे नाव रूढ झाले. ‘एच.जी.व्ही.एस.’ या आंतरराष्ट्रीय नामकरण पद्धतीत मात्र प्रथिन तयार होताना गळून पडणारे आरंभीचे मेथिओनिनही मोजले जाते. त्यामुळे तेच स्थान सातवे ठरते व नाव ‘पी.ग्लू७व्हॅल’ असे होते. डी.एन.ए.च्या पातळीवर हाच बदल ‘सी.२०ए>टी’ असा लिहितात.

यातील ‘पी’ म्हणजे प्रथिन आणि ‘सी’ म्हणजे प्रथिनाचा संकेत धारण करणारा डी.एन.ए. विसाव्या स्थानी ‘ए’च्या जागी ‘टी’ आला, असा त्याचा अर्थ. नावापूर्वी ‘एन.एम._०००५१८.५’ असा संदर्भक्रमांक असतो. मोजणी कोणत्या क्रमावरून केली हे तो सांगतो. टिंबानंतरचा अंक त्या क्रमाची आवृत्ती होय. संदर्भाविना स्थानाचा अंक अपुरा आहे.

भारतात बीटा थॅलेसिमियास कारणीभूत होणारा एक प्रमुख बदल जुन्या अहवालांत ‘आय.व्ही.एस.१-५ जी>सी’ असा, तर नव्या अहवालांत ‘सी.९२+५जी>सी’ असा आढळतो. येथे ‘+५’ म्हणजे संकेतक भागाच्या ९२व्या स्थानानंतर येणाऱ्या असंकेतक खंडातील पाचवे स्थान.

आता व्यवहाराचा प्रश्न पाहू. पतीच्या अहवालात ‘ग्लू६व्हॅल’ आणि पत्नीच्या अहवालात ‘सी.२०ए>टी’ असेल, तर नावे निराळी म्हणून त्यांना निश्चिंत करणे घातक ठरेल. दोघेही एकाच बदलाचे वाहक असून प्रत्येक गर्भधारणेत अपत्य सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता २५ टक्के असते. बदल खरोखर भिन्न असले तरी धोका टळतोच असे नाही. एकाकडून सिकलसेलचा व दुसऱ्याकडून थॅलेसिमियाचा बदल आल्यासही अपत्यास व्याधी होते.

हे नाव केवळ बदलाचे स्थान व स्वरूप सांगते. तो बदल व्याधिकारक आहे काय, आणि जनुकाच्या एकाच प्रतीत आहे की दोन्ही प्रतींत, हे अहवालात स्वतंत्रपणे पाहावे लागते. म्हणून जनुकाचे नाव, संदर्भक्रमांक आणि ‘सी’ व ‘पी’ ही दोन्ही रूपे आपल्या रुग्णपत्रिकेत जशीच्या तशी उतरवून घ्यावीत. शंका असल्यास दाम्पत्यास दोन्ही अहवालांसह जनुकीय समुपदेशकाकडे पाठवावे, आणि तेही शक्यतो गर्भधारणेपूर्वी.