पोत्यात न गेलेले प्लॅस्टिक

माझी आई कराडात कृष्णाकाठी भंगार वेचीत असे. त्या पैशांतून माझी फी भरली गेली आणि आज मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. फळ्यावर पॉलिथिलीनची साखळी काढताना मला तिचे पोते आठवते. त्या पोत्यात काय जाई आणि काय मागे राही, यात सूक्ष्म प्लॅस्टिकच्या प्रश्नाचा अर्धा उलगडा आहे.

पाच मिलिमीटरहून लहान तुकडा म्हणजे सूक्ष्म प्लॅस्टिक. प्लिमथचे रिचर्ड थॉम्पसन यांच्या २००४ सालच्या निबंधापासून हा शब्द रूढ झाला. प्लॅस्टिक पाल्यासारखे कुजत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याच्या साखळ्या तुटतात, ते ठिसूळ होते, वाळूवर घासून फुटते. पिशवी दिसेनाशी होते, पण तिचे प्लॅस्टिक जागेवरच असते. कपड्यांचीही तीच गत. सहा किलो अॅक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांवर धागे सुटू शकतात, असे प्लिमथच्याच संशोधकांनी २०१६ साली मांडले. ते मोरीतून गटारात जातात, गटारातून नदीत.

पुढे मासे-शिंपले ते अन्न म्हणून गिळतात. गोव्यात साळ नदीच्या मुखाशी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना पाण्यात, गाळात आणि शिंपल्यांतही हे कण सापडले. नेदरलँड्समधील एका प्रयोगात मातीवरच्या पाल्यात प्लॅस्टिकचे प्रमाण फार वाढवताच गांडुळांची वाढ खुंटली, कित्येक मेली. सरीवर मल्चिंग पेपर अंथरणाऱ्या आमच्या बागायतदारांनी हे ऐकून ठेवावे. २०२२ साली त्याच देशात बावीस जणांचे रक्त तपासले, तर सतरा जणांच्या रक्तात प्लॅस्टिक निघाले. त्याने माणसाला नेमके काय होते, याचा शोध चालू आहे. उगाच भेडसावणे मला पटत नाही.

आता पोत्याकडे येतो. बाटली, फुटकी बादली, जाड कॅन आई उचली, कारण भंगारवाला ते किलोवर घेई. शांपूची पुडी, वेफर्सचे चकचकीत पाकीट ती तिथेच सोडी. मी एकदा विचारले, तर म्हणाली, "आरं, उचलती की! पर त्येचं पैसं कोन देतंय?" पुडी तोलाला भरत नाही. तिच्यात वेगवेगळे थर चिकटवलेले असतात, ते सुटे करणे परवडत नाही. म्हणजे ज्याला भाव नाही तेच काठावर राहते, आणि पातळ असल्याने तेच लवकर फुटते.

ऑगस्ट २०१९च्या महापुरानंतर काठच्या झुडपांवर अशा चिंध्या लोंबत होत्या. उन्हाळ्यात त्यांतली एक ओढली, तर बोटांत भुगा आला. तो भुगा सांगलीवरून कर्नाटकात आणि शेवटी बंगालच्या उपसागराकडे जायचा. तो मोजायला गाळणकागद, सूक्ष्मदर्शक आणि अख्खी दुपार लागते. पुडी अख्खी असताना आई एकदा वाकली असती तर काम झाले असते. आणि हे वाकणे कोणाच्या वाट्याला आले? ज्यांच्या स्पर्शाने पाणवठा बाटतो असे म्हणत, त्यांच्याच.

राज्याने मार्च २०१८मध्ये प्लॅस्टिकबंदी आणली, केंद्राने जुलै २०२२मध्ये काही वस्तूंवर. बंदीने पुडीला भाव आला नाही. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातल्या बहुसंख्य बाया दलित. पुढे तिच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेतून त्यांनी कचरा उचलण्याबद्दल घरटी शुल्क मिळवले. भंगाराचे पैसे त्याहून वेगळे.