इंजिनांच्या मुलखात विमानाचं इंजिन

राजगुरुनगरहून पहिल्या पाळीच्या बस चाकणकडे सुटतात, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांचे हात दिवसभर कुठल्या ना कुठल्या इंजिनाच्या कामात असणार असतात. कुणी क्रँकशाफ्टचं ग्राइंडिंग करतं, कुणी सिलिंडर हेडचं कास्टिंग तपासतं, कुणी असेंब्ली लाइनवर टॉर्क रेंच घेऊन उभं असतं. फोक्सवॅगनचा कारखाना 2009 मध्ये चाकणला सुरू झाला. बजाजच्या चाकणमधल्या कारखान्यातून केटीएमच्या मोटारसायकली परदेशात जातात. महिंद्रा आहे, मर्सिडीज आहे आणि या सगळ्यांना सुटे भाग पुरवणारी लहानमोठी वर्कशॉप तर गल्लोगल्ली आहेत. याच परिसरात होऊ घातलेला विमानतळ बरीच वर्षं चर्चेत राहिला, शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला आणि 2016 मध्ये तो पुरंदरकडे गेला.

अशा भागातल्या आयटीआयच्या किंवा डिप्लोमाच्या मुलानं घरी बांधलेल्या विमानाचा व्हिडिओ पाहिला, की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. एवढी इंजिनं आपण बनवतो, मग त्यातलंच एखादं विमानाला का बसवू नये? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घरगुती विमानांच्या इतिहासात तो अनेक हुशार माणसांनी विचारला आहे आणि काहींनी त्याचं उत्तर आकाशात जाऊन दिलं आहे.

आपल्या राज्यातलं ताजं उदाहरण कॅप्टन अमोल यादव यांचं. या वैमानिकानं मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये, राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी 2016 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं. त्याची नोंदणी 2017 मध्ये झाली, उड्डाण-चाचणीची परवानगी 2019 मध्ये मिळाली आणि 2020 मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडालं. त्यांचं विमान मुळापासून स्वतः आखलेलं होतं. किट विमानाची वाट त्याहून सोपी असते. पंख, सांगाडा, शेपटी यांचे तयार भाग आराखड्यासह खोक्यांतून येतात आणि बांधणारा ते जोडतो. इंजिन मात्र बहुतेक वेळा त्या खोक्यांत नसतं. ते ज्याचं त्यानं निवडायचं असतं. किट बांधणाऱ्याच्या हातातला सगळ्यात मोठा निर्णय तोच आणि सगळ्यात जास्त चुकाही तिथेच होतात, कारण माणूस अश्वशक्तीचा आकडा पाहतो आणि तिथेच थांबतो.

आकडा कसा फसवतो, ते दोन इंजिनं शेजारी ठेवली की कळतं. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या चेरी ग्रोव्ह या खेड्यात बर्नार्ड पीटेनपोल यांनी 1929 मध्ये फोर्डच्या ‘मॉडेल ए’ मोटारीचं इंजिन आपल्या लाकडी विमानाला बसवलं. आकारमान सुमारे 3.3 लिटर, शक्ती 40 अश्वशक्ती, तीही 2,200 आरपीएमला. आता चाकणचं इंजिन घ्या. केटीएम 390 मोटारसायकलीचं एकच सिलिंडरचं 373 सीसीचं इंजिन 43 अश्वशक्ती देत होतं. जवळपास नवव्या भागाच्या आकारात तेवढीच शक्ती! पण ती मिळते 9,000 आरपीएमला. अश्वशक्ती म्हणजे टॉर्क आणि फेऱ्या यांचा गुणाकार. फोर्डचं इंजिन पूर्ण शक्तीला सुमारे 130 न्यूटन-मीटर टॉर्क देतं, तर केटीएमच्या इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क जेमतेम 37. विमानाच्या पंख्याला हवा असतो तो टॉर्क, आणि तोही कमी फेऱ्यांत.

कमी फेऱ्यांत का, ते साध्या हिशेबात बसतं. 1.7 मीटर व्यासाचा पंखा 5,800 आरपीएमनं फिरवला, तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला पाचशे मीटरच्या वर जातो. ध्वनीचा वेग सुमारे 340 मीटर. टोक ध्वनीच्या वेगाजवळ पोचलं की हवा नीट मागे ढकलली जात नाही, शक्ती आवाजात आणि हादऱ्यात वाया जाते. म्हणून ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीचं 912 यूएलएस हे 100 अश्वशक्तीचं इंजिन 5,800 आरपीएमला फिरत असलं, तरी पंखा गिअरबॉक्समधून 2.43 पट हळू फिरतो आणि टोकाचा वेग 212 मीटरवर येतो. लायकमिंगसारखी अमेरिकी इंजिनं दुसऱ्या वाटेनं जातात. ओ-320 हे 5.2 लिटरचं इंजिन 2,700 आरपीएमलाच 150 ते 160 अश्वशक्ती देतं, पंखा थेट क्रँकवर बसतो, मध्ये गिअर नाही. राइट बंधूंनाही हे गणित ठाऊक होतं. त्यांनी 1903 मध्ये साखळी आणि दातेरी चक्रं लावून पंखे इंजिनाच्या जवळपास तिपटीनं हळू फिरवले होते.

मग मोटारसायकलच्या इंजिनाला गिअरबॉक्स लावला की झालं का? इथे टर्नर-फिटरला लगेच समजेल अशी अडचण येते. पिस्टन सलग ढकलत नाही, धक्क्याधक्क्यानं ढकलतो. एकच सिलिंडर असेल तर हे धक्के फार दूर दूर आणि फार जोराचे. दुसऱ्या टोकाला जड पंखा असतो, त्याला स्वतःच्या वेगात बदल झालेला चालत नाही. या दोघांच्या मधला क्रँक, शाफ्ट आणि गिअर पिळले जातात, सुटतात, पुन्हा पिळले जातात. एखाद्या ठरावीक आरपीएमला हा पीळ त्या भागांच्या स्वाभाविक कंपनाशी जुळला, की धातू थकतो आणि शाफ्ट तुटतो किंवा गिअरचे दात जातात. रोटॅक्सच्या गिअरबॉक्समध्ये असे हिसके गिळणारी रचना मुद्दाम बसवलेली असते आणि ती वर्षानुवर्षांच्या चाचण्यांतून आलेली असते. मोटारीच्या इंजिनांना घरगुती गिअरबॉक्स जोडणाऱ्या कित्येकांचं घोडं इथेच अडलं. शेवरोलेच्या कॉर्वेअर मोटारीचं सहा सिलिंडरचं इंजिन अनेक घरगुती विमानांत थेट पंखा लावून उडालं, पण त्यातही क्रँक तुटायला लागले, तेव्हा पुढच्या बाजूला जादा बेअरिंग बसवावं लागलं. मोटारीत क्रँकला कधी पंखा ओढावा लागत नाही, म्हणून ते बेअरिंग मुळात तिथे नव्हतं.

दुसरी गोष्ट कामाच्या पद्धतीची. पुणे-नाशिक महामार्गावर सपाटीला धावणाऱ्या मोटारीचं इंजिन आपल्या शक्तीचा थोडासाच भाग वापरत असतं. खेड घाट चढताना ते थोडा वेळ नेट लावतं, मग सुटतं. विमानाचं इंजिन म्हणजे न संपणारा घाट. उड्डाणाला पूर्ण शक्ती, चढताना जवळपास पूर्ण आणि नंतर तास-दोन तास पाऊणपट. हेडचं तापमान, तेलाची उष्णता, व्हॉल्व्हची झीज हे सगळं या सलग ओझ्याच्या हिशेबानं आखावं लागतं. शिवाय हवेत इंजिन थांबून चालत नाही, म्हणून विमानाच्या इंजिनांवर प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि दोन स्वतंत्र इग्निशन असतात. लायकमिंगला दोन मॅग्नेटो असतात, बॅटरी मेली तरी ठिणगी पडत राहते. लायकमिंगच्या बहुतेक इंजिनांना आणि रोटॅक्स 912 ला ओव्हरहॉलपर्यंत साधारण 2,000 तास मिळतात. रोटॅक्सचंच 582 हे टू-स्ट्रोक इंजिन हलकं आणि स्वस्त, पण त्याची मुदत 300 तासांचीच.

तिसरा मुद्दा आपल्या हवेचा. पुणे विमानतळ समुद्रसपाटीपासून 1,942 फुटांवर आहे आणि राजगुरुनगरही साधारण त्याच उंचीवर. एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशीला गेला, की हवा इतकी विरळ होते की इंजिन आणि पंख दोघांनाही आपण पाच हजार फुटांच्या वर असल्यासारखं वाटतं. टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती तेव्हा पंधरा टक्क्यांहून जास्त घटते. म्हणजे कागदावरच्या 100 अश्वशक्तीतली पंच्याऐंशीसुद्धा हाती लागत नाही, आणि त्याच वेळी धावपट्टी जास्त लागते. युरोपच्या थंड सपाटीवर पुरेसं ठरलेलं इंजिन दख्खनच्या पठारावर उन्हाळ्यात अपुरं पडू शकतं. पावसाळ्यात उलटी अडचण असते. दमट हवा कार्ब्युरेटरच्या अरुंद घशातून जाताना एवढी गार होते, की बाहेर वीस-पंचवीस अंश असतानाही आत बर्फ धरतो आणि इंजिन गुदमरतं. म्हणून कार्ब्युरेटर असेल तर त्याला गरम हवा देण्याची सोय हवीच. फ्युएल इंजेक्शनवर हा प्रश्न जवळपास संपतो.

इंधनाचा विचार तर इंजिनाच्या आधी करायला हवा. आपल्या पंपांवर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. रोटॅक्सनं 912 साठी दहा टक्क्यांपर्यंतचं इथेनॉल मान्य केलेलं आहे. इथेनॉल पाणी ओढतं, काही रबरी नळ्या आणि फायबरच्या टाक्यांचं रेझिन खातं. मोटार रस्त्याकडेला उभी करता येते, विमानाला तशी कड नसते. दुसरा पर्याय एव्हगॅस, म्हणजे विमानाचं शिसेयुक्त पेट्रोल. पूर्वी ते आयात व्हायचं. इंडियन ऑइलनं वडोदऱ्याच्या रिफायनरीत तयार केलेलं एव्हगॅस सप्टेंबर 2022 मध्ये बाजारात आणलं. लायकमिंगला ते रोजचंच, पण रोटॅक्समध्ये शिशाचा गाळ तेलात आणि गिअरबॉक्समध्ये साचतो, म्हणून तेल लवकर बदलावं लागतं. तुम्ही जिथून उडणार, तिथे कोणतं इंधन खात्रीनं मिळतं, यावर निम्मी निवड ठरते.

वजनाचा हिशेब करताना कॅटलॉगमधला कोरडा आकडा पुरत नाही. रेडिएटर, पाणी, तेल, सायलेन्सर, माउंट, पंखा हे सगळं त्यात मिळवायचं. समजा, नाकाशी, तोलाच्या बिंदूच्या दीड मीटर पुढे, 30 किलो जास्त आले. चार मीटर मागच्या शेपटीत अकरा किलोंहून जास्त वजन घातल्याशिवाय तोल परत येणार नाही. म्हणजे विमान एकेचाळीस किलोंनी जड झालं आणि माणसांच्या किंवा इंधनाच्या वाट्याचं तेवढं वजन गेलं. किटच्या आराखड्यात इंजिनाच्या वजनाची आणि शक्तीची हद्द दिलेली असते ती याचसाठी. त्या हद्दीखालचं इंजिन विमानाला वर नेत नाही आणि वरचं इंजिन पंखांवर न पेलणारा वेग लादतं.

मग निवडायचं कसं? माझं मत स्पष्ट आहे. पहिलंच विमान बांधणाऱ्यानं किटच्या आखणीकारानं ज्या इंजिनावर आपलं विमान उडवून दाखवलं, तेच इंजिन घ्यावं आणि आपली कल्पकता बाकीच्या शेकडो कामांत वापरावी. आपल्या देशात लहान दोन आसनी विमानासाठी रोटॅक्सचं पारडं जड आहे. राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेच्या हंसा-3 वर रोटॅक्स 914 आहे, हंसा-एनजीवर 912 आयएस. हवाई दल, एनसीसी आणि नौदलासाठी 2015 मध्ये मागवलेल्या 194 पिपिस्ट्रेल विमानांवरही 80 अश्वशक्तीचं रोटॅक्सच. म्हणजे ते उघडून पाहिलेले मेकॅनिक देशात आहेत. ऑस्ट्रेलियाची जबिरू इंजिनं हलकी आणि थेट पंख्याची आहेत, पण बंद पडण्याच्या घटनांमुळे तिथल्या नियामकानं डिसेंबर 2014 मध्ये त्यांच्या उड्डाणांवर निर्बंध घातले होते; ती घेणाऱ्यानं कोणत्या सालचं इंजिन आणि त्यात कोणते बदल झाले, हे पाहायला हवं. जुनं लायकमिंग स्वस्तात मिळालं, तर किती तास चाललं यापेक्षा किती वर्षं पडून होतं, हे आधी विचारावं. त्याचा कॅमशाफ्ट क्रँकच्या वर असतो. इंजिन उभं राहिलं की तेल खाली उतरतं आणि आपल्या पावसाळ्यात उघड्या पडलेल्या कॅमवर गंज चढतो.

इंजिन कितीही चांगलं असलं, तरी ते कधी तरी थांबू शकतं, हे धरूनच विमान उडवायचं असतं. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये शिकलेल्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. उंचीच्या दहापट अंतर तरंगत जाणारं लहान विमान तीनशे मीटरवर इंजिन बंद पडलं, तर वारा नसताना सुमारे तीन किलोमीटर जाऊ शकतं. त्या तीन किलोमीटरमध्ये मोकळं शेत आहे की एमआयडीसीचे पत्रे, यावर सगळं अवलंबून. अमेरिकेचा नियम या धोक्याला तासांत मोजतो. प्रमाणित इंजिन आणि त्याला प्रमाणित केलेला पंखा असेल, तर घरगुती विमानाला चाचणी-उड्डाणांचे 25 तास ठरवून दिले जातात, अप्रमाणित जोडीला 40. मधले पंधरा तास ही स्वतःचं इंजिन निवडण्याची किंमत आहे.

तरीही चाकणच्या मुलाचा प्रश्न मला सोडवत नाही, आणि त्यानंही तो सोडू नये. 1902 च्या अखेरीस राइट बंधूंनी इंजिन कंपन्यांना पत्रं लिहिली. हवं तसं हलकं इंजिन कुणाकडे मिळालं नाही. त्यांच्या सायकल दुकानातल्या चार्ली टेलर या कारागिरानं लेथ आणि ड्रिल प्रेसवर सहा आठवड्यांत 12 अश्वशक्तीचं इंजिन बनवलं. त्या दुकानापेक्षा कितीतरी जास्त यंत्रसामग्री आज आपल्या एका गाळ्यात असते. आपल्याकडे कमी आहे ती चाचणीची सवय. म्हणून ज्याला स्थानिक इंजिन उडवायचं आहे, त्यानं ते आधी जमिनीवर काँक्रीटमध्ये रोवलेल्या स्टँडवर बांधावं, पंखा लावावा, पाऊणपट शक्तीवर शेकडो तास चालवावं, कंपनं मोजावी, उघडावं, क्रँकला तडे गेले का ते मॅग्नाफ्लक्सनं तपासावं आणि सगळं वहीत लिहून ठेवावं. एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयानं आणि चार कारखान्यांनी मिळून असा एक स्टँड राजगुरुनगर परिसरात उभारला, तर त्यातून निघालेली माहिती पुढच्या प्रत्येक बांधणाऱ्याच्या कामी येईल. ती वही भरेपर्यंत विमानावर आखणीकारानं सुचवलेलंच इंजिन असावं. ती भरली आणि आकडे पटले, की चाकणचं इंजिन उडवायला कुणाची हरकत असण्याचं कारण उरणार नाही.