जमिनीतले बी आणि दुय्यम वनाची घडण

शेती, तोड किंवा वणवा यांमुळे मूळ वन नाहीसे झालेल्या जागी आपसूक उभ्या राहणाऱ्या वनाला दुय्यम वन म्हणतात, आणि उष्णकटिबंधात ते तीन वाटांनी उभे राहते: तोडलेल्या बुंध्यांचे धुमारे, वाऱ्याने वा प्राणिपक्ष्यांनी बाहेरून आणलेले बी आणि मातीत आधीपासून जिवंत पडून असलेले बी. या तिसऱ्या घटकाला मृदेतील बीजसाठा अशी संज्ञा आहे.

या साठ्याचा सखोल अभ्यास पनामातील बारो कोलोरादो बेटावर झाला आहे. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली गेली तेव्हा पाण्याने वेढलेल्या टेकडीचे हे बेट झाले. 1923 पासून ते राखीव असून त्यावर जुने वन आणि पूर्वीच्या शेतांवर वाढलेले दुय्यम वन शेजारी शेजारी आढळते. बीजसाठा मोजण्यासाठी वरच्या थरातली माती उथळ ट्रेमध्ये पातळ पसरून उजेडात ओलसर ठेवतात आणि उगवणारी रोपे ओळखून मोजतात. जेम्स डॉलिंग आणि थॉमस ब्राउन यांनी वरच्या तीन सेंटीमीटर मातीतून काढलेल्या आणि उगवलेल्या बियांचे वय किरणोत्सर्गी कार्बनवरून ठरवले, तेव्हा क्रोटॉनचे बी 38 वर्षे, ट्रेमाचे 31 वर्षे आणि झँथोझायलमचे 18 वर्षे जिवंत राहू शकते, असे 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनातून दिसून आले.

ही सारी अग्रगामी झाडे आहेत, म्हणजे मोकळ्या उजेडात सर्वांआधी रुजून झपाट्याने वाढणारी. दाट छत्राखाली पाने लाल प्रकाश शोषून घेतात आणि दूरस्थ लाल किरण खाली उतरू देतात. सेक्रोपियासारख्या झाडाच्या बियांमधील फायटोक्रोम हे रंगद्रव्य या दोहोंचे प्रमाण टिपते आणि लाल प्रकाश वाढेपर्यंत अंकुर रोखून धरते. काही जातींचे बी मात्र उघड्या मातीच्या दिवस-रात्रीच्या तापमानातील चढउतारामुळे जागे होते.

जुन्या वनातील सावली सोसणाऱ्या बहुतेक वृक्षांचे बी मोठे व ओलसर असते, त्याला दीर्घ सुप्तावस्था नसते आणि ते पडल्यावर लवकरच रुजते किंवा कुजते. त्यामुळे मातीच्या साठ्यात त्यांचा वाटा नगण्य राहतो आणि असे वृक्ष परतण्यासाठी जवळपास फळणारी जुनी झाडे व त्यांचे बी वाहून नेणारे प्राणी लागतात. पनामात अगूती हा कृंतक प्राणी अशा मोठ्या बिया जमिनीत पुरून ठेवतो आणि विसरलेल्या बियांतून रोपे उगवतात.

वारंवारच्या नांगरणीने, निंदणीने आणि आगीने वृक्षांचा बीजसाठा आटतो व तणांचा वाढतो. पनामा कालव्याच्या पाणलोटात भारतीय उपखंडाकडून गेलेले काशगवत सोडलेल्या शेतांवर इतके दाट माजते की त्यातून पुन्हा पुन्हा पेटणारे वणवे झाडांची रोपे टिकू देत नाहीत.

अमेरिका खंड व पश्चिम आफ्रिकेतील 77 ठिकाणांच्या 2021 मधील एकत्रित अभ्यासानुसार दुय्यम वनातील माती दहा वर्षांच्या आत सावरते, वनाची रचना 25 ते 60 वर्षांत, तर मूळ प्रजातींची घडण परतायला 120 वर्षांहून अधिक काळ लागतो. बीजसाठ्याचे काम या प्रवासाच्या पहिल्या टप्प्यात मोठे असते. पुढचा टप्पा आसपासच्या जुन्या वनाच्या तुकड्यांवर अवलंबून असतो. म्हणून जेथे असे तुकडे शाबूत आहेत तेथे वणवा व चराई रोखणे बहुधा पुरेसे ठरते, आणि जेथे ते उरलेले नाहीत तेथे मोठ्या बियांच्या वृक्षांची लागवड हाती घ्यावी लागते.