मंत्र खोटा, पहारा खरा

जादूची कादंबरी म्हटली की आपली माणसे नाक मुरडतात. बुवाबाजीशी लढणाऱ्यांनी असले काही कशाला वाचायचे? आम्हीही हेच म्हणत होतो. मलेशियात जन्मलेल्या झेन चो यांची ‘सॉर्सरर टू द क्राऊन’ (२०१५) ही इंग्रजी कादंबरी वाचली आणि आमचे मत बदलले.

काळ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा, शहर लंडन. गुलाम आईबापांचा मुलगा झकरायस राज्याचा मुख्य जादूगार होतो. देशातली जादू आटू लागते, तेव्हा खापर त्याच्याच माथी! ‘गुणवत्ता घसरली’ ही ओरड आपल्याला नवी आहे काय?

हिंदी आईची मुलगी प्रुनेला ज्या शाळेत वाढते, तिथे मुलींना अंगातली जादू दाबून टाकायला शिकवतात. अखेर मुख्य जादूगाराचे पद तिच्याकडेच येते.

मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये बाबासाहेबांना संस्कृत नाकारले गेले, फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी त्याच ग्रंथांची चिकित्सा केली.

आपल्या वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ साली अस्पृश्यांना खुले झाले. त्याचे कौतुक फार झाले. पण देवळाचे दार वेगळे, विद्येचे वेगळे. आपला लढा दुसऱ्या दारासाठी आहे.

हिंगणघाट, आर्वी, देवळीच्या विहारांत रविवारी मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. मंत्र खोटा असतो, हे सांगाच. पण मंत्रावरचा पहारा खरा होता, हेही सांगायला विसरू नका.