समुद्राला ताप, धानाला झळ

गोंदियापासून समुद्र सरळ रेषेतही पाचशे किलोमीटर दूर. तरी त्याला 'ताप' चढला की झळ इथल्या धानाच्या बांधीपर्यंत येऊ शकते.

वर्षाच्या त्या दिवसांत सहसा न गाठले जाणारे तापमान समुद्राच्या पाण्याने सलग पाच दिवस किंवा त्याहून अधिक काळ गाठले, की तिला सागरी उष्णतेची लाट म्हणतात. मे महिन्यात तलावात उतरणाऱ्याला वरचे पाणी कोमट आणि पायाशी गार लागते. समुद्रातही तसेच होते. गरम, हलके पाणी झाकणासारखे वर बसते आणि तळाकडची पोषकद्रव्ये वर येत नाहीत. त्यांच्यावर जगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, म्हणजे वनस्पतीप्लवक, घटतात. त्यांना खाणारे जीव, मग लहान मासे, मग मोठे, अशी उपासमार वर चढत जाते.

तापात रोग्याची ऊर्जेची गरज वाढते, माशांचेही तेच. गरज वाढलेली आणि ताट रिकामे. 2014 ते 2016 या काळात ईशान्य प्रशांत महासागरात अशी लाट टिकली. अलास्कात कॉड मासा इतका घटला की 2020 मध्ये त्याची मासेमारी थांबवावी लागली. मरे जातीचे सुमारे 40 लाख समुद्रपक्षी, म्हणजे तिथले निम्मे, मेले.

कार्बनचा हिशेबही बिघडतो. प्लवक हवेतला कार्बन शोषतात. त्यांचे अवशेष आणि त्यांना खाणाऱ्यांची विष्ठा तो खोल नेतात. याच सागरात लाटेच्या वर्षांत तो वरच्या थरांत रेंगाळल्याचे आढळले. तिथून तो पुन्हा हवेत येऊ शकतो.

आता आपल्या बाजूला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये 1982 ते 2018 या काळाचा अभ्यास मांडला. पश्चिम हिंद महासागरात अशा 66 लाटा आणि बंगालच्या उपसागरात 94! अशा लाटांच्या काळात मध्य भारतातला मोसमी पाऊस कमी पडतो, असे त्यांना दिसले. मे 2020 मधील एका लाटेनंतर तामिळनाडूजवळच्या मन्नारच्या आखातातील 85 टक्के प्रवाळ पांढरे पडले.

मध्य भारतात गोंदिया येतो. पऱ्हे तयार असताना पाऊस ओढ देतो आणि रोवणी खोळंबते, तेव्हा शेतकरी आभाळाकडे पाहतो. कारण कधी कधी त्याही पलीकडे, समुद्रात असते. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था आता हिंद महासागरातील अशा लाटांवर नजर ठेवून सूचना देते.