कुजक्या वांग्यातला वैद्य

वांग्याची भाजी पाहून नाक मुरडणारी माणसे प्रत्येक घरात असतात, तशी भरली वांगी म्हटली की दोन घास जास्त जेवणारीही असतात. पण पिशवीच्या तळाशी राहून गेलेले, खालून पाणी सुटलेले वांगे मात्र या दोन्ही पक्षांना सारखेच नकोसे. ते दोन बोटांत धरून आपण केराच्या टोपलीत टाकतो. २०१० साली दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन शहरी एका विद्यार्थिनीने असले एक वांगे टाकून न देता त्याच्या खालच्या अंगाचा नमुना प्रयोगशाळेत नेला. आठ वर्षांनी त्या नमुन्यातल्या एका अतिसूक्ष्म जीवाची पिलावळ लंडनच्या इस्पितळात एका मुलीच्या शिरेतून तिच्या अंगात सोडण्यात आली.

मी मराठी शिकवतो. जंतूंशी माझा संबंध पावसाळ्यातल्या पडशापुरता. पण आमच्या महाविद्यालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या सहकाऱ्यांनी चहाच्या सुट्टीत ही हकीकत सांगितली आणि मला चैन पडेना. मिळेल ते वाचले, न समजलेले त्यांना विचारले. त्यातले जे मला उमगले ते इथे सांगतो.

ज्या बाळाच्या कपाळाचा मुका खारट लागतो ते फार दिवस जगत नाही, अशी युरोपात एक जुनी समजूत होती. ती केवळ भाबडी नव्हती. सिस्टिक फायब्रोसिस नावाच्या जन्मजात रोगात घाम खरोखरच जास्त खारट असतो. न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी १९३८ साली या रोगाचे सविस्तर वर्णन केले आणि त्याच्या मुळाशी असलेला जनुक १९८९ साली सापडला. आई आणि बाप दोघेही धडधाकट, पण दोघांकडूनही बिघडलेला जनुक आला तर मूल रोगी निपजते. पेशींतून मीठ आत-बाहेर नेणारी वाट अडते आणि फुफ्फुसातला ओलावा चिकट, घट्ट कफ होऊन बसतो. निरोगी माणसाच्या श्वासनलिकेतले बारीक केस आत आलेली धूळ आणि जंतू लोटून बाहेर काढतात. इथे ते केसच चिखलात रुतल्यासारखे होतात. आपल्याकडे हा रोग नाहीच असे पुष्कळ वर्षे मानले जाई. तो आहे. फक्त वरचेवर न्यूमोनिया होणाऱ्या, अंग न धरणाऱ्या मुलांत तो ओळखायचा राहून जातो.

अशा फुफ्फुसात जंतू येतात ते पाहुणे म्हणून नव्हे, बिऱ्हाड करायला. स्यूडोमोनास हा त्यांतला मोठा वस्ताद. तो स्वतःभोवती बुळबुळीत आवरण विणतो आणि त्याआड बसून औषधाला दाद देत नाही. वर्षानुवर्षे प्रतिजैविके दिली की मरायचे ते जंतू मरतात. उरतात ते निबर, आणि पुढची प्रजा त्यांचीच.

त्याहून हटवादी एक आहे. मायकोबॅक्टेरियम अ‍ॅब्सेसस हे त्याचे नाव. मिरज-पाचगणीची आरोग्यधामे ऐकून माहीत असलेल्या घरांना एवढे सांगितले तरी पुरे, की हा क्षयाच्या जंतूचा चुलतभाऊ. १९५३ साली गुडघ्यातल्या गळवांतून मिळालेल्या या जंतूचे वर्णन प्रसिद्ध झाले. एरवी तो माती-पाण्यात असतो. अंगावर मेणचट कवच आणि बहुतेक औषधांना उपजतच विरोध, त्यामुळे महिनोन् महिने तीन-तीन, चार-चार औषधे द्यावी लागतात आणि तरी खात्री नाही. २०१६ साली निरनिराळ्या देशांतल्या रुग्णांचे जंतू ताडून पाहिले तेव्हा पुष्कळांचे वाण जवळजवळ एकच निघाले. म्हणजे रोग्याकडून रोग्याकडेही तो जात असावा. या रुग्णांना एकमेकांजवळ बसू देत नाहीत ते अशाच जंतूंच्या भयाने. आपले दुःख ज्याला न सांगता कळेल अशा माणसापासूनच दूर राहायचे! खोकल्यापेक्षाही ही शिक्षा मला जड वाटते.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट इस्पितळातल्या त्या मुलीला हाच जंतू वर्षानुवर्षे छळत होता. २०१७ साली तिची दोन्ही फुफ्फुसे बदलली. पण परकी फुफ्फुसे शरीराने झिडकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबावी लागते, आणि दडून बसलेल्या जंतूला तेच हवे होते. शस्त्रक्रियेची जखम चिघळली, यकृतात संसर्ग पोचला, कातडीवर गाठी उठल्या. औषधे हरली. तेव्हा तिच्या आईने कुठेसे वाचलेली गोष्ट डॉक्टरांना विचारली: जंतूंना मारणारे विषाणू असतात म्हणतात, ते देऊन पाहता येईल का?

ही कल्पना नवी नाही, आणि आपल्या देवघरातल्या गंगाजलाच्या गडूशीही तिचे नाते सांगतात. आग्र्याला काम करणाऱ्या हँकिन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९६ साली लिहिले की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात, पण तेच पाणी उकळले तर मरत नाहीत. ते काम या विषाणूंचेच होते असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. १९१७ साली फेलिक्स देरेल यांनी मात्र त्यांना ओळखले आणि बॅक्टेरिओफेज, म्हणजे जंतुभक्षक, हे नाव दिले. पुढे पेनिसिलिन आले आणि जॉर्जियातल्या तिबिलिसीसारखी ठिकाणे सोडली तर जग या भक्षकांना विसरले.

अमेरिकेत पिट्सबर्गला ग्रॅहम हॅटफुल यांनी मात्र हजारो फेज जमवून ठेवले होते. जमवणारे बहुतांशी विद्यार्थी. कोणी अंगणातली माती आणावी, कोणी खत, आणि सापडलेल्या फेजचे बारसेही आपणच करावे! ‘गुलाबाचे झुडूप’, ‘गोठ्याचे अंगण’ अशा अर्थाची नावे तिथे आहेत. वांग्यातला तो ‘मडी’, म्हणजे चिखल्या. यातून कुणाचा जीव वाचेल असे त्या पोरांना कुणी सांगितले नव्हते.

लंडनहून दोन रुग्णांचे जंतू पिट्सबर्गला गेले. दुसऱ्या रुग्णासाठी फेज सापडण्याआधीच त्याने डोळे मिटले. मुलीसाठी तीन निघाले. मडी मुळातच संहारक होता. उरलेले दोघे जंतूत शिरले तरी तिथे निवांत झोपी जाणारे. त्यांना आवरून धरणारा जनुक शास्त्रज्ञांनी काढून टाकला, तेव्हा ते कामाला लागले. जून २०१८ पासून दिवसातून दोनदा, दर वेळी सुमारे शंभर कोटी फेज, शिरेतून. चालू औषधे बंद केली नव्हती. जखम भरू लागली, दीड महिन्याने यकृतातला डाग जवळजवळ गेला, तिचे वजन वाढले, ती घरी आली. कातडीवरच्या गाठी पूर्ण गेल्या नाहीत. एका रुग्णावरून हा गुण फेजचाच असे सिद्ध होत नाही, हे उपचार करणाऱ्यांनीच बजावले, आणि मला त्यांचा तो संयम आवडला. मुलीला काही वर्षे मिळाली. २०२२ साली ती गेली.

पुढे दोनशे रुग्णांचे असे जंतू तपासले गेले. त्यांतल्या पंचावन्नांनाच मारक फेज मिळाले, वीस जणांवर उपचार झाले, अकरांना गुण दिसला. काहींच्या शरीराने फेजलाच शत्रू समजून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली. वांग्यातला मडी त्या वीसांतल्या पुष्कळांच्या औषधात होता. पण अडचण अशी की अ‍ॅब्सेससच्या वसाहती दोन तऱ्हेच्या, खरबरीत आणि गुळगुळीत. खरबरीतांपैकी पुष्कळांना फेज लागू पडतात. गुळगुळीतांना मारील असा उपयोगी फेज त्या तपासणीत एकही निघाला नाही. तो कुठल्या मातीत आहे, कुठल्या कुजक्या पाल्यात, ते विद्यार्थी हुडकत आहेत.